मुंबई मॅरेथॉनमध्ये पीबी काढायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी गणपती गेले की आमच्या रविवारच्या ग्रुपात तेच तेच प्रश्न सुरू होतात. मी कोच नाही. नोकरी सांभाळून धावणारा ठाण्याचा माणूस आहे. मुंबईची पूर्ण मॅरेथॉन एकदा फार वाईट धावलोय आणि एकदा मनासारखी. खालची उत्तरं बरीचशी त्या दोन शर्यतींच्या मधल्या अंतरातून आलेली आहेत.

पीबी म्हणजे नक्की कुठला वेळ धरायचा?

पर्सनल बेस्ट म्हणजे त्या अंतरासाठी तुमचा आजवरचा सगळ्यात कमी वेळ. मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर, एक मीटरही कमी नाही. वेळ धरायचा तो आपल्या नंबरासोबत मिळणाऱ्या चिपचा, म्हणजे तुम्ही स्टार्टची मॅट ओलांडल्यापासून फिनिशची मॅट ओलांडेपर्यंतचा. बंदूक वाजल्यापासूनचा नाही. मुंबईत मागच्या होल्डिंग एरियातून रेषेपर्यंत सरकायलाच कित्येक मिनिटं जातात, ती तुमच्या नावावर पडत नाहीत.

घड्याळानं ४२.२ ला 'मॅरेथॉन पूर्ण' म्हणून टाळ्या वाजवल्या तरी तो पीबी नव्हे. फिनिश लाइन अजून तीन-चारशे मीटर पुढे असते. फोटो तिथला काढा.

मुंबईत पीबी निघतो का, की सरळ दिल्लीला जाऊ?

निघतो, पण मुंबई तो फुकट देत नाही. साधारण दहा अंशांच्या आसपासची कोरडी हवा मॅरेथॉनला सगळ्यात मानवते. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत पहाटे १८-२० अंश असतात, दमटपणा भरपूर, आणि नऊ वाजता मरीन ड्राइव्हवर ऊन अंगावर येतं. त्यात पेडर रोडचा चढ. इथला कोर्स रेकॉर्ड इथिओपियाच्या हेले लेमी बेरहानूचा, २०२३ साली २:०७:३२. त्याच वर्षी शिकागोच्या सपाट रस्त्यावर आणि गार हवेत केनियाच्या केल्विन किपटुमनं २:००:३५ नोंदवली. दोघं वेगळ्या पट्टीचे धावपटू हे खरं, पण दोन्ही शहरांच्या स्वभावातला फरकही त्यात आहे.

नुसता आकडा हवा असेल तर फेब्रुवारीतली दिल्ली बरी: हवा गार, रस्ता सपाट. पण मुंबई घरची. स्वतःच्या गादीवर झोपता, घरचं जेवता, आणि प्रवासाचा शीण नसतो. आपल्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबरनं २०१५ साली याच रस्त्यांवर २:३८:२१ वेळ दिली होती. तेव्हा 'मुंबईत वेळ येतच नाही' हे फार ताणू नये.

माझं टार्गेट किती ठेवू?

'सब-फोर', म्हणजे चार तासांच्या आत, हा आकडा गोल आहे म्हणून ठेवू नका. गेल्या दोन-तीन महिन्यांत जीव तोडून धावलेल्या हाफ मॅरेथॉनचा वेळ घ्या आणि त्याला २.०८५ नं गुणा. अमेरिकन इंजिनिअर पीट रीगल यांच्या सूत्रातून हा आकडा येतो: अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीपेक्षा थोडा जास्त लागतो. हाफ १:५५ असेल तर पूर्ण ३:५९:४७. म्हणजे १:५५ ची हाफ असणाऱ्यानं ३:४५ चं टार्गेट सांगितलं, तर मी चहा मागवून त्याला बसायला सांगतो.

आणि हे सूत्रसुद्धा उदार आहे. आठवड्याला ३५-४० किलोमीटर धावणाऱ्यानं त्यात आणखी आठ-दहा मिनिटं घालावीत. हाफ गार हवेत धावला असाल तर मुंबईसाठी आणखी तीन-चार.

तयारी कधीपासून, आणि आठवड्याला किती?

आधी हाफची सवय असेल तर १६ ते १८ आठवडे. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारपासून उलटे मोजलेत तर सप्टेंबरच्या मध्यावर येता. म्हणजे नवरात्र, दिवाळी आणि दोन-तीन लग्नं तयारीतच येणार. ते आधीच वहीत लिहून ठेवा. लाडू-चकल्या खाऊन काही बिघडत नाही. बिघडतं ते चार दिवस रात्री दीडपर्यंत जागून पाचव्या दिवशी ३० किलोमीटर मारल्यानं.

चार तासांच्या आसपासच्या माणसाला आठवड्याचे ५० ते ६० किलोमीटर, चार किंवा पाच दिवसांत, पुरतात. त्यात एक लाँग रन, एक वेगाचा दिवस, बाकी सगळं निवांत. दोन दिवस वीस-पंचवीस मिनिटं ताकदीचा व्यायाम: स्क्वॉट, लंज, पोटरीचे उठाव. हा भाग सगळे टाळतात, मीही टाळायचो.

ऑक्टोबरच्या उकाड्यात घड्याळाकडे बघून रडू नका. त्या महिन्यात तोच श्रम किलोमीटरमागे २०-३० सेकंद जास्त खातो. डिसेंबर लागला की ते सेकंद परत येतात.

निवांत म्हणजे किती निवांत? हळू धावून माणूस वेगवान कसा होईल?

चार तासांसाठी शर्यतीचा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, ५:४१ चा. तुमचे निवांत दिवस ६:३० ते ७:०० चे हवेत. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, 'हं' आणि 'हो' वर भागवलं तर वेग जास्त आहे.

कारण असं की मॅरेथॉन जवळपास सगळी ऑक्सिजनच्या जोरावर धावायची असते. स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढणं, चरबी जाळायची सवय लागणं, पायाची हाडं आणि कंडरा टणक होणं, हे सगळं हळू धावण्याच्या तासांनी होतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धावायला पाय शिल्लक राहतात. आमच्यातल्या निम्म्या लोकांचा निवांत दिवस इतका वेगात असतो की वेगाच्या दिवशी त्यांना वेगच येत नाही. सगळे दिवस मधल्या गिअरमध्ये. गाडी गरम होते, पुढे जात नाही.

लाँग रन ३२ वरच का थांबवायचा? एकदा ४२ धावून बघितलं तर आत्मविश्वास येईल ना?

आत्मविश्वास येईल आणि पुढचे दोन-तीन आठवडे जातील. तीन-साडेतीन तासांपलीकडे मिळणारा फायदा कमी आणि मोडतोड जास्त. २८ ते ३२ चे तीन लाँग रन पुष्कळ झाले. त्यातल्या निदान दोनांत शेवटचे ८-१० किलोमीटर शर्यतीच्या पेसनं धावा. दमलेल्या पायांनी तो पेस कसा लागतो हे कळायला दुसरा मार्ग नाही.

शेवटचा मोठा रन शर्यतीच्या तीन आठवडे आधी. मग टेपर: किलोमीटर हळूहळू निम्म्यावर आणा, पण थोडा वेग ठेवा. टेपरमध्ये गुडघा उगाच दुखतो, घसा खवखवल्यासारखा वाटतो, आपण सगळं विसरलो असं वाटतं. सगळ्यांना होतं. त्या दिवसांत नवीन योगासनं शिकू नका.

कार्बनच्या प्लेटवाले बूट घेऊ का? माझे तर पंधरा-वीस हजार जातील.

फायदा खरा आहे. २०१७ साली तळात कार्बनची पट्टी असलेले असे बूट बाजारात आले तेव्हा प्रयोगशाळेत तोच वेग राखायला साधारण चार टक्के कमी ऊर्जा लागलेली दिसली. पुढे वर्ल्ड ॲथलेटिक्स या जागतिक संघटनेला रस्त्यावरच्या बुटांच्या तळाला ४० मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली. पण चार टक्के ऊर्जा म्हणजे चार टक्के वेळ नव्हे, आणि प्रत्येकाला तेवढं मिळतही नाही. पैसे असतील तर घ्या, दोन लाँग रनमध्ये वापरून बघा, पोटऱ्यांना ते वेगळे लागतात. नसतील तर त्या पैशात चार महिन्यांचं चांगलं खाणं आणि एक साधा बुटांचा जोड येतो. आधी साप्ताहिक ५० किलोमीटर जमवा, मग प्लेट.

कार्ब लोडिंग म्हणजे आदल्या रात्री पास्ता ना?

नाही. आदल्या रात्री तडस लागेपर्यंत जेवलात तर सकाळी ते सगळं तुमच्यासोबत धावतं. साठा भरायचा तो आधीच्या दीड-दोन दिवसांत, किलो वजनामागे दिवसाला आठ ग्रॅम किंवा त्याहून जास्त कर्बोदकं. ६० किलोच्या माणसाला ४८० ग्रॅम. नुसत्या भातानं भरायचं तर पावणेदोन किलो शिजलेला भात होतो! म्हणून थोडं थोडं, दिवसभर: मऊ भात, बटाटा, पोळी-गूळ, केळी, कोकम सरबत, पेज. तूप, तळण, कोशिंबिरी, राजमा, कोबी बाजूला. साबुदाण्याची खिचडी चालते, पण दाण्याचं कूट आणि तूप आवरून.

त्या दोन दिवसांत वजन किलो-दीड किलो वाढतं. साठ्यासोबत पाणीही धरलं जातं. घाबरून वजनकाटा लपवू नका, टाकी भरल्याची ती खूण आहे.

'भिंत' खरंच असते का? जेल किती घ्यायचे?

असते. ६५ किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरला साधारण २,७०० कॅलरी लागतात, किलोला किलोमीटरमागे एक या हिशेबानं. स्नायू आणि यकृतात साखरेचा साठा असतो जेमतेम २,००० कॅलरींचा. उरलेलं चरबीतून येतं, पण चरबी सावकाश जळते. वेग जितका जास्त तितकी साखर जास्त जाते. सुरुवातीला उधळलात की बत्तिसाव्या किलोमीटरला डबा रिकामा.

म्हणून वाटेत भरायचं: तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. जेल म्हणजे धावताना चोखायचा गोड, घट्ट पाक, एका पाकिटात साधारण २०-२५ ग्रॅम असतात. पहिला जेल चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी, मग दर अर्ध्या तासानं, पाण्यासोबत. भूक लागायची वाट बघू नका. पोटालाही याची सवय लागते, तेव्हा लाँग रनमध्ये तेच, त्याच वेळाला. खजूर चालतो. राजगिऱ्याचा लाडू चालत नाही, हे मी सी लिंकवर कोरड्या तोंडानं शिकलोय.

पाणी तहानेप्रमाणे. पाण्याच्या प्रत्येक टेबलाशी बाटली संपवायची म्हणून संपवू नका. अति पाण्यानं रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. आणि 'प्रिकॉशन' म्हणून आयबुप्रोफेन किंवा तसली वेदनाशामक गोळी घेऊन धावू नका. घामानं पाणी कमी झालेल्या शरीरात ती मूत्रपिंडांना महागात पडते.

पूर्ण शर्यतभर घड्याळ ५:४१ दाखवत होतं, तरी ४:०२ झाले. चिप चुकली का?

चिप बरोबर आहे. रस्ता मोजतात तो कॅलिब्रेट केलेल्या सायकलनं, वळणांच्या आतल्या बाजूनं, शक्य तितक्या छोट्या रेषेवरून. शिवाय अंतर कमी भरू नये म्हणून हजारामागे एक मीटर जास्तीचा धरतात. तुम्ही मात्र लोकांना वळसे घालत, पाण्याच्या टेबलाकडे तिरके जात धावता. फोर्टातल्या उंच इमारतींमध्ये घड्याळही भरकटतं. शेवटी घड्याळात ४२.७ भरतात. ४२.७ गुणिले ५:४१ म्हणजे ४:०२:४१. तुमचं उत्तर हेच.

चार तास हवेत तर घड्याळात ५:३७ दिसलं पाहिजे. त्याहून बरं म्हणजे ऑटो-लॅप, म्हणजे घड्याळाचं आपोआप किलोमीटर धरणं, बंद करून रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांवर बटण दाबा. मी मनगटावर दर पाच किलोमीटरचे वेळ बॉलपेननं लिहितो. घामानं दहापुढचे पुसट होतात, पण तोवर पाठ झालेले असतात.

मुंबईचा रस्ता कसा वाटून घ्यायचा?

मार्गात अधूनमधून फेरफार होतात, तेव्हा त्या वर्षीचा नकाशा आधी पाहा. मी सांगतोय तो मी धावलेला रस्ता: सीएसएमटीहून निघून मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी, सी लिंकवरून वांद्रे, मग माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवी, आणि पुन्हा हाजी अलीवरून पेडर रोड चढून परत.

पेडर रोड दोनदा येतो. मुंबईतल्या पीबीचा सगळा हिशेब या 'दोनदा'त आहे. पहिल्यांदा अंधारात, ताज्या पायांनी, आणि चढ आहे हे लक्षातही येत नाही. दुसऱ्यांदा पस्तीस-छत्तीस किलोमीटरच्या आसपास, उन्हात. चढ तोच, उंचीही फार नाही, पण पहिल्या तीस किलोमीटरांत तुम्ही काय काय केलंत याची वसुली तिथे होते.

माझ्या वाईट वर्षी मी पहिली हाफ १:५४ ला काढली. तयारी चार तासांची होती. सी लिंकवर तर मी जवळजवळ उडत होतो: तिथे बघणारे कोणी नसतात, फक्त हजारो बुटांचा आवाज आणि खालून वारा, आणि रिकामा रस्ता बघून माणसाला वेग चढतो. शिवाजी पार्कापर्यंत सगळं छान होतं. हाजी अलीला मांड्या जड झाल्या. पेडर रोडवर जसलोकच्या अलीकडे मी चालायला लागलो. फुटपाथवर एक आजी स्टीलच्या ताटात संत्र्याच्या मीठ लावलेल्या फोडी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ताट पुढे केलं आणि म्हणाल्या, "चाल बाळा, चालणारेपण पोचतात." पोचलो. ४:११.

पुढच्या वर्षी असं केलं. पहिले तीन किलोमीटर ५:५५ नं, लोक दोन्ही बाजूंनी पुढे जात असताना. फार जिवावर आलं. मरीन ड्राइव्हवर हळूहळू ५:४० ला आलो. पहिल्या पेडर रोडला घड्याळ न बघता श्वास बघितला, चढाला वीस सेकंद गेले ते जाऊ दिले. सी लिंकवर स्वतःला मुद्दाम धरून ठेवलं. हाफ १:५९:१०. सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास. पहाटे पाचला निघालेला चार तासांचा धावपटू तेव्हा तेविसाव्या-चोविसाव्या किलोमीटरवर असतो, म्हणजे अर्धी शर्यत अंधाराच्या गारव्यात पार पडलेली असते. तिथून पुढे दर पाणपोईला एक बाटली डोक्यावर. दुसऱ्या पेडर रोडला नजर दहा फुटांवर, पावलं आखूड, हात हलते. माथ्यावर पोचल्यावर उतार येतो तो आरामाचा वाटतो, पण मांड्यांना तोच जास्त सोलतो, तेव्हा तिथे उधळू नका. गिरगाव चौपाटीला वळलात की मरीन ड्राइव्हची ती कमान पूर्ण दिसते आणि पलीकडचं टोक जवळ येतच नाही. तिथे टोकाकडे बघायचं नाही. पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघायचं, त्याला गाठायचं, मग पुढचा. दुसरी हाफ १:५९:२०. एकूण ३:५८:३०.

दिग्गजही असंच धावतात. बर्लिनला २०१८ मध्ये केनियाच्या एलिउड किपचोगेनं २:०१:३९ चा त्या वेळचा विश्वविक्रम केला, त्यात दुसरी हाफ पहिलीपेक्षा अर्ध्या मिनिटानं वेगवान होती. मुंबईत ऊन चढत जातं म्हणून मी दुसरी हाफ वेगवान करायचा हट्ट धरत नाही. दोन्ही सारख्या आल्या तरी भरून पावलो.

पेसरच्या बसमध्ये बसू का?

पेसर म्हणजे ठरलेल्या वेळेत धावून दाखवणारा, आणि त्याच्या मागचा घोळका म्हणजे बस. पेसर चांगला असला तर डोक्याचा ताप वाचतो. दोन अडचणी: पाण्याच्या टेबलाशी बसमध्ये ढकलाढकली होते, आणि पेसर तुमच्यापेक्षा आधी किंवा नंतर मॅट ओलांडलेला असू शकतो. पंधरा-वीस मीटर मागे राहा. आणि बस पहिल्या पाच किलोमीटरात ठरल्यापेक्षा वेगात धावून वेळ 'बँकेत टाकायला' लागली तर खुशाल उतरा.

आदल्या रात्री झोप लागत नाही.

कुणालाच लागत नाही. शुक्रवारची झोप महत्त्वाची, शनिवारची सोडून द्या. बिब, म्हणजे तुमच्या नंबराचा कागद, आणायला शक्यतो शनिवारी जाऊ नका, तो वाटतात त्या एक्स्पोत फिरून तासाभरात पायाचे तुकडे होतात. बिबला पिना शनिवारी संध्याकाळी लावा, काखेत आणि मांड्यांना व्हॅसलिन, आणि लोकलचं बघून ठेवा. शर्यतीच्या पहाटे रेल्वे जादा गाड्या सोडते.

घरचे म्हणतात गुडघे जातील.

झेपेल इतकं धावणाऱ्यांचे गुडघे बसून राहणाऱ्यांपेक्षा जास्त झिजतात असं आढळलेलं नाही. घरच्यांना एकदा सोबत आणा, पेडर रोडला उभं करा.

दुखतंय, पण शर्यत तीन आठवड्यांवर आहे. धावू की थांबू?

स्नायू भरून आलाय आणि धावल्यावर मोकळा होतो, तर सावकाश धावा. हाडावर एका बोटानं दाखवता येईल अशी जागा दुखते, धावताना वाढते, रात्रीही ठणकते, तर आजच थांबा आणि ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा, तो स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतो. ताप असेल तर शर्यतच सोडा. छातीत दुखणं किंवा भोवळ आली तर पीबी वगैरे तिथेच संपला, मेडिकल स्टेशन गाठा.

तिसाव्याला कळलं की आज होणार नाही. मग?

पहिल्यांदा एक जेल आणि पाणी घ्या आणि दोन किलोमीटर वाट बघा, पुष्कळदा ती नुसती साखर उतरलेली असते. तरीही पाय नाही म्हणाले तर दुसरा आकडा धरा. म्हणून घरून निघताना तीन आकडे न्यावेत: स्वप्नातला, तयारीचा, आणि 'चालेल' असा. माझ्या वाईट वर्षी माझ्याकडे एकच होता. तो गेल्यावर सात किलोमीटर माझ्याकडे काहीच नव्हतं.

पीबी झाला! पुढची शर्यत कधी?

आधी कपडे बदला, काहीतरी खारट खा, आणि लगेच खाली बसू नका, उठता येणार नाही. पहिला आठवडा धावणं नाही, नुसतं चालणं. दुसऱ्यात दोन-तीनदा अर्धा तास. नवीन फॉर्म महिनाभर भरू नका, त्या आनंदात लोक लडाखचीसुद्धा नोंदणी करतात. आणि परत जाताना सीएसएमटीचा सबवे लागला तर जिना उलटा उतरा, कठडा धरून. त्या सकाळी मेडल घालून उलटे उतरणारे तुम्ही एकटे नसता.